निकालपत्रामागील बीड

मराठवाड्यातील जिल्हा पातळीवरची वृत्तपत्रे नियमाने वाचणाऱ्यास एक बातमी आता पाठ झालेली आहे. कोठे तरी ‘आंतरराष्ट्रीय तायक्वांदो अजिंक्यपद स्पर्धा’ भरते, तिचे निकाल येतात, आणि जिल्ह्याच्या खेळाडूंनी मिळविलेल्या सुवर्ण, रौप्य व कांस्यपदकांची यादी छायाचित्रासह छापली जाते. छायाचित्रात गळ्यात पदके घातलेली मुले असतात, मागे प्रशिक्षक उभे असतात आणि मधोमध, बहुधा एखादा पुढारी असतो. आठ दिवसांनी सत्कार होतो. बीडसारख्या जिल्ह्याचे नाव दुष्काळ, गुन्हे आणि ऊसतोड यांच्यापलीकडे क्वचितच छापून येते. त्यामुळे अशा बातमीचे अप्रूप वाटावे, यात अस्वाभाविक असे काही नाही. तथापि निकालपत्र हा एक प्रकारचा ताळेबंद असतो, आणि ताळेबंद केवळ बेरजेची शेवटची ओळ पाहून वाचावयाचा नसतो.

तायक्वांदोच्या निकालांपुरते बोलावयाचे तर या खेळात एका वजनगटात एक सुवर्ण, एक रौप्य व दोन कांस्य अशी चार पदके देण्याची प्रथा आहे. उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांनाही कांस्यपदक मिळते. म्हणजेच एखाद्या गटात चारच स्पर्धक उतरले असतील तर चौघेही पदक घेऊनच घरी जाणार. त्यांपैकी दोघांनी एकही लढत जिंकलेली नसली तरीही. आता वयाचे गट वेगळे, वजनाचे वेगळे, पट्ट्याच्या रंगाचे वेगळे, मुलामुलींचे वेगळे, प्रत्यक्ष लढतीचे वेगळे आणि ‘पूमसे’ म्हणजे ठरावीक हालचालींच्या प्रदर्शनाचे वेगळे, अशी विभागणी केली की शेकडो पदके निर्माण होतात. चलनवाढ हा शब्द अर्थशास्त्रात ज्या अर्थाने वापरतात, त्याच अर्थाने तो येथेही लागू पडतो. स्पर्धक किती होते, किती देशांचे होते, जागतिक संघटनेने त्या स्पर्धेस कोणती श्रेणी दिली होती, हे निकालासोबत छापले जात नाही. ‘आंतरराष्ट्रीय’ हे विशेषण मात्र ठळक टाइपात छापले जाते.

या खेळाचे खरे माप ज्या ठिकाणी होते तेथील चित्र पाहिले की हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. १९८८ मध्ये सोलच्या ऑलिंपिकमध्ये तायक्वांदो प्रदर्शनीय खेळ म्हणून आला. २००० मध्ये सिडनीत त्यास पदकांच्या खेळाचा दर्जा मिळाला. त्यानंतरच्या एकाही ऑलिंपिकमध्ये भारतास या खेळाचे पदक मिळालेले नाही. आशियाई क्रीडा स्पर्धांत २००२ साली बुसान येथे सुरेंद्र भंडारी यांनी कांस्यपदक मिळविले, त्याचे आजही अप्रूप सांगितले जाते. गल्लोगल्ली आंतरराष्ट्रीय सुवर्णपदके आणि आशियाच्या पातळीवर ही अवस्था, हे अंतर मुलांच्या आळसाने पडलेले नाही. या देशात तायक्वांदोच्या एकाहून अधिक संघटना स्वतःस राष्ट्रीय म्हणवीत आल्या. मान्यतेचे वाद न्यायालयापर्यंत गेले. ज्या खेळाची संघटना कोणती हेच वर्षानुवर्षे ठरत नाही, त्या खेळातील मुलाने कोणत्या पायरीवरून कोणत्या पायरीवर चढावयाचे?

येथे एक खुलासा आवश्यक आहे. तायक्वांदोच्या वर्गांना येणाऱ्या मुलांचा घाम खरा आहे आणि लहान शहरांत शिकविणाऱ्या अनेक प्रशिक्षकांची तळमळही खरी आहे. या खेळास मोठे मैदान लागत नाही. एखादे सभागृह, प्रसंगी मंगल कार्यालय पुरते. विशेष म्हणजे मुली या वर्गांना येतात. ज्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे अवघ्या ८०७ मुली उरल्या होत्या, तेथे एखादी मुलगी पांढरा गणवेश घालून पाय डोक्याच्या उंचीपर्यंत झाडते, ही गोष्ट कोणत्याही पदकाहून मोलाची आहे. प्रश्न त्या मुलीचा नाही. प्रश्न असा की प्रवेशशुल्क, गणवेश, संरक्षक साहित्य, प्रत्येक पट्ट्याच्या परीक्षेची फी आणि परगावच्या किंवा परदेशच्या स्पर्धेचा प्रवास हा सारा खर्च जेथे पालकाच्या खिशातून होतो, तेथे निवड गुणवत्तेची होते की खिशाची? शिक्षक, व्यापारी, बँक कर्मचारी, सरकारी नोकर यांची मुले त्या यादीत दिसतात. त्यांचा हेवा करण्याचे कारण नाही. परंतु जिल्ह्यातील बहुसंख्य मुलांची नावे त्या यादीत येण्याचा संभवच नसतो, एवढी एक गोष्ट निकालपत्र सांगत नाही.

कोणत्याही कसोटीस उतरतील असे निकाल बीड जिल्ह्याने दिलेच नाहीत, असा मात्र याचा अर्थ नव्हे. दोन नावे तर निर्विवाद आहेत. एक आष्टी तालुक्यातील मांडव्याचे अविनाश साबळे आणि दुसरे पाटोद्याचे राहुल आवारे.

साबळे ज्या शर्यतीत धावतात ती तीन हजार मीटरची स्टीपलचेस. वाटेत अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाण्यावरील उडी, असे पस्तीस वेळा शरीर उचलून पुढे टाकावयाचे असते. या शर्यतीचा भारतीय विक्रम १९८१ साली गोपाल सैनी यांनी ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांत प्रस्थापित केला होता. तो सदतीस वर्षे टिकला. २०१८ मध्ये भुवनेश्वर येथे साबळे यांनी तो मोडला आणि नंतर तो विक्रम स्वतःचाच स्वतः मोडीत राहण्याचा जणू परिपाठच ठेवला. ऑगस्ट २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळविले. सुवर्ण जिंकणारे केनियाचे अब्राहम किबिवोट त्यांच्यापुढे अवघ्या पाच शतांश सेकंदाने होते. १९९८ पासून राष्ट्रकुल स्पर्धांतील या शर्यतीची तिन्ही पदके दर वेळी केनियाच नेत असे. ती मक्तेदारी मांडव्याच्या धावपटूने मोडली. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोउच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत त्यांनी ८:१९.५० या स्पर्धाविक्रमासह सुवर्ण जिंकले, शिवाय पाच हजार मीटरमध्ये रौप्यपदक मिळविले. जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये वेळ ८:०९.९१ पर्यंत खाली आली. पुढच्याच महिन्यात त्याच शहरातील ऑलिंपिकमध्ये या शर्यतीच्या अंतिम फेरीत पोहोचणारे ते पहिले भारतीय पुरुष ठरले आणि अकरावे आले.

अकरावा क्रमांक म्हणजे पदक नाही, म्हणजे बातमीच्या हिशेबी अपयश. चार स्पर्धकांतील तिसरा क्रमांक पहिल्या पानावर आणि जगातील अकरावा आतल्या पानावर, असा हा मूल्यव्यवहार आहे. धावण्याच्या शर्यतीत निदान एक सोय असते. वेळ कोणासही ताडून पाहता येते. तिला विशेषण लावावे लागत नाही.

राहुल आवारे यांचा खेळ कुस्तीचा. तायक्वांदोप्रमाणे तोही अंगाशी अंग भिडण्याचा आणि वजनगटांचा. एप्रिल २०१८ मध्ये गोल्ड कोस्ट येथील राष्ट्रकुल स्पर्धेत सत्तावन्न किलो गटाच्या अंतिम लढतीत त्यांनी कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशी यांचा १५-७ असा पराभव करून सुवर्ण मिळविले. २०१९ मध्ये नूर-सुलतान येथील जागतिक स्पर्धेत एकसष्ट किलो गटात कांस्यपदक त्यांच्याकडे आले. या गटाचा ऑलिंपिकमध्ये समावेश नसल्याने त्या पदकाचा व्हावा तितका गाजावाजा झाला नाही. जागतिक पदक हे तरीही जागतिक पदकच.

या दोघांच्या यशाची जी कारणमीमांसा वर्तमानपत्रांतून आणि सत्काराच्या भाषणांतून केली जाते, ती मुळातून तपासण्याजोगी आहे. साबळे लहानपणी घरापासून शाळेपर्यंत सहा किलोमीटर अंतर रोज पायी किंवा धावत जात असत, ही गोष्ट शेकडो वेळा छापून आली आहे. ती खरी आहे. तिच्यातून काढला जाणारा निष्कर्ष मात्र साफ खोटा आहे. गरिबीने माणूस काटक होतो, कष्टाने चॅम्पियन घडतो, दुष्काळी मातीत जिद्द उगवते, असा तो निष्कर्ष. शाळेसाठी सहा किलोमीटर चालणारी मुले आष्टी, पाटोदा, शिरूर कासार आणि वडवणी या तालुक्यांत पिढ्यान्पिढ्या आहेत. दारिद्र्याने धावपटू घडत असते, तर बीड जिल्ह्याने आजवर ऑलिंपिकच्या सगळ्या शर्यती जिंकल्या असत्या. जो एक वर आला त्याच्याकडे बोट दाखवावयाचे आणि जे सहस्रावधी वाटेतच राहिले त्यांची गणतीही करावयाची नाही, ही संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही करणार नाही अशी चूक आहे. ती चूक वारंवार केली जाते, कारण ती सोयीची आहे. दारिद्र्य जर जिद्दीचे कारखाने चालवीत असेल, तर ते हटविण्याची घाई कोणास राहील?

प्रत्यक्षात काय घडले? बारावीनंतर साबळे सैन्यात, महार रेजिमेंटच्या पाचव्या बटालियनमध्ये, भरती झाले. सियाचीनची थंडी आणि राजस्थानचे वाळवंट यांनंतर सिक्कीममध्ये त्यांची नेमणूक झाली. २०१५ मध्ये ते सैन्याच्या क्रॉसकंट्री स्पर्धेत प्रथम उतरले. त्यानंतर सैन्यातील प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या नजरेस ते आले. वजन वाढलेले होते ते काही महिन्यांत उतरविले गेले आणि २०१७ मध्ये त्यांना स्टीपलचेसकडे वळविण्यात आले. म्हणजे ज्या खेळाने त्यांस जगात नाव मिळवून दिले तो खेळ ते वयाच्या तेविसाव्या वर्षाच्या आसपास शिकू लागले. पुढे निकोलाय स्नेसारेव्ह यांचे मार्गदर्शन आणि त्यानंतर अमेरिकेत कोलोरॅडो येथे उंचावरील सराव. या साऱ्याचा खर्च केंद्र सरकारच्या योजनांतून आणि सैन्याच्या तिजोरीतून झाला. दोन वेळचे पुरेसे अन्न, दरमहा पगार, पायात नीट बसणारे बूट, दुखापतीस डॉक्टर आणि सराव हीच नोकरी समजणारा वरिष्ठ, या पाच गोष्टी ज्या दिवशी एकत्र मिळाल्या त्या दिवसापासून मांडव्याच्या मुलाचे घड्याळ खाली येऊ लागले. त्यांतील एकही गोष्ट बीड जिल्ह्याने, मराठवाड्याने किंवा महाराष्ट्र शासनाने दिलेली नव्हती.

सैन्यभरती ही काही क्रीडायोजना नव्हे. बीडचा तरुण सैन्यात जातो तो पगारासाठी. त्यात अनुचित असे काही नाही. परंतु एखाद्या जिल्ह्यातील गुणवान धावपटू शोधण्याचे काम त्या जिल्ह्याच्या शाळेऐवजी सियाचीनच्या वाटेवर व्हावे, आणि तेही योगायोगाने व्हावे, याची खंत सत्काराच्या व्यासपीठावर कोणी बोलून दाखविलेली नाही.

आवारे यांचा मार्ग निराळा, परंतु अर्थ तोच. कुस्तीचे संस्कार घरातच होते. पुढे पुण्यास हरिश्चंद्र बिराजदार यांच्या तालमीत आणि २०११ मध्ये बिराजदार निवर्तल्यावर काका पवार यांच्या तालमीत ते वाढले. हे दोन्ही वस्ताद मूळचे लातूर जिल्ह्याचे. म्हणजे मराठवाड्याची माती, मराठवाड्याचे गुरू आणि आखाडा पुण्याचा. तालीम ही महाराष्ट्रातील एक विलक्षण संस्था आहे. तेथे फीपेक्षा वस्तादाचा शब्द मोठा असतो, गावची यात्रा आणि जत्रेतील कुस्त्यांचा इनाम यांवर मल्लाच्या खुराकाचा बराच भाग चालतो, बदाम-दुधाचा हिशेब बाप जमीन विकून किंवा कर्ज काढून पुरा करतो. ही परस्परसाहाय्याची व्यवस्था शासनाच्या आधी होती. शासन नसते तरी ती चालली असती, असे म्हणण्याचा मोह होतो; पण ती किती जणांना पुरते? १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी खाशाबा जाधवांना वर्गणी गोळा करावी लागली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकले, ही हकिकत महाराष्ट्रात अभिमानाने सांगतात. तिच्यात अभिमान बाळगण्याजोगे प्राचार्यांचे औदार्य आहे. बाकी सारी शरमेची गोष्ट आहे.

आता ज्यांची नावे कोणत्याच निकालपत्रात येत नाहीत त्यांच्याकडे वळावयास हवे. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दसरा झाला की पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे येथून लाखो माणसे निघतात. नवराबायकोच्या जोडीस ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून घेतलेली उचल त्या कोयत्याच्या मानेवर असते आणि एक दिवस काम चुकले तर ‘खाडा’ कापला जातो. कुटुंब निघते तेव्हा मूलही निघते. गावी सांभाळणारी आजी असली तर गोष्ट वेगळी. नसली तर ते मूल पुढचे पाच-सहा महिने फडाच्या कडेला कोपीत राहते, धाकट्या भावंडास सांभाळते, पाणी आणते आणि जरा मोठे झाले की मोळ्या बांधू लागते.

शालेय क्रीडा स्पर्धांचे वेळापत्रक या स्थलांतराशेजारी ठेवून पाहावे. पावसाळ्यात तालुका पातळीच्या स्पर्धा सुरू होतात. त्यांतून निवडलेले खेळाडू जिल्हा पातळीवर, तेथून विभागावर, आणि दिवाळीच्या आगेमागे किंवा त्यानंतर राज्य व राष्ट्रीय पातळीवर जातात. म्हणजे जे मूल श्रावण-भाद्रपदात तालुक्यास पहिले आले, ते विभागाच्या स्पर्धेची तारीख येते तेव्हा कोल्हापूर, सांगली किंवा बेळगावकडच्या उसाच्या फडात असते. ते हरत नाही. ते बाद होत नाही. ते फक्त उपस्थित नसते, आणि यादीत त्याच्या जागी दुसरे नाव लिहिले जाते. धावपटूच्या घडणीस सर्वांत मोलाची जी बारा ते सोळा ही वर्षे, त्या वर्षांत हा प्रकार दर हंगामात घडतो. स्टीपलचेसचे पस्तीस अडथळे मोजता येतात. या अडथळ्याची मोजदाद शिक्षण खाते ठेवीत नाही आणि क्रीडा खाते तर मुळीच ठेवीत नाही. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढणाऱ्या पोराच्या पायांत किती बळ आहे, हे मुकादमाला ठाऊक असते. क्रीडा अधिकाऱ्याला नसते.

शासनाची बाजू अशी मांडली जाते की खेळाडूंसाठी काहीच केले जात नाही, हे असत्य आहे. हा युक्तिवाद न्यायाने ऐकला पाहिजे. राज्याच्या सेवांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. आवारे यांस पोलीस उपअधीक्षकपद मिळाले ते त्यांच्या खेळाच्या बळावर. दहावी-बारावीस खेळाडूंना वाढीव गुण मिळतात. पदक जिंकून येणाऱ्यास रोख पारितोषिके दिली जातात. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाज स्वप्नील कुसाळे यांनी कांस्यपदक मिळविताच राज्य सरकारने एक कोटी रुपयांची घोषणा केली. हे सारे खरे आहे. त्यांतील समान सूत्र मात्र लक्षात घेतले पाहिजे. ही सर्व मदत पदकानंतरची आहे. पीक हाती आल्यावर बियाण्याचे अनुदान देण्यासारखाच हा प्रकार. ज्यास पदकापर्यंत स्वतःच्या खर्चाने पोहोचता आले त्यालाच ती मिळते, आणि स्वतःच्या खर्चाने कोण पोहोचू शकतो, हे वर आलेच आहे.

याचा दुसरा परिणाम अधिक घातक आहे. गुण आणि नोकरी यांस प्रमाणपत्र जोडले गेले की प्रमाणपत्राचा बाजार उभा राहतो. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांवर शासकीय नोकऱ्या मिळविल्याची प्रकरणे महाराष्ट्रात उघडकीस आलेली आहेत आणि पडताळणीचे नियम त्यामुळे कडक करावे लागले. कडक नियमांचा जाच होतो तो पुन्हा खऱ्या खेळाडूला. बेरोजगारी तीव्र आणि सरकारी नोकरी हाच एकमेव तरणोपाय, अशा जिल्ह्यात पालक आपल्या मुलास खेळाच्या वर्गात घालताना त्याच्या आनंदाचा विचार करतो की पुढच्या भरतीचा? दोष पालकास देता येत नाही. खेळाचे मोल ठरविण्याचे काम ज्या व्यवस्थेने नोकरभरतीकडे सोपविले, दोष तिचा आहे.

पदकापूर्वी पैसा घातला तर काय होते, याचे उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. कुसाळे हे कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे. राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनी योजनेतून त्यांची निवड झाली, नाशिक येथे नेमबाजी शिकविली गेली, नंतर रेल्वेची नोकरी मिळाली. खाशाबा जाधवांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूस मिळालेले हे वैयक्तिक ऑलिंपिक पदक. बंदूक, काडतुसे आणि अंतरावरची अचूक लक्ष्ये हा तर अत्यंत खर्चाचा खेळ. सामान्य घरातील मुलास तो खेळता आला तो सार्वजनिक पैशातून. एक कोटीची घोषणा करणाऱ्यांनी या मुलाच्या घडणीत शासनाने आधी किती गुंतविले होते, तो आकडाही जाहीर केला असता तर लोकशिक्षण झाले असते. तसे झाले असते तर अशा आणखी प्रबोधिन्या का नाहीत, हा प्रश्न अर्थात विचारला गेला असता.

डाव्या चळवळीच्या वर्तुळातूनच एक आक्षेप नेहमी येतो. ज्या जिल्ह्यात पोटाची भ्रांत आहे, कोयत्याच्या दरासाठी संप करावा लागतो, पिण्यास टँकरचे पाणी लागते, तेथे पदके आणि मैदाने यांची चर्चा हा मध्यमवर्गीय चोचला नव्हे काय? आक्षेप प्रामाणिक आहे, परंतु तो मान्य करण्याजोगा नाही. कामाचे तास आठ असावेत, या मागणीच्या पोटात उरलेल्या तासांचा हक्क होता. खेळणे हा बालपणाच्या हक्काचा भाग आहे. तो आधी श्रीमंतास मिळावा आणि गरिबास भाकरीनंतर केव्हा तरी मिळावा, ही क्रमवारी समाजवाद्याने का स्वीकारावी? शिवाय भाकरी आणि मैदान यांचा शत्रू एकच आहे. उचलीच्या फेऱ्यात सापडलेले कुटुंब मूल गावी ठेवू शकत नाही, म्हणून मुलाची शाळा बुडते आणि मैदानही बुडते.

बीड जिल्ह्याचे हे मागे राहणे जुने आहे आणि त्याची लांबी कालगणनेत मोजता येते. नगर-बीड-परळी रेल्वेमार्गास १९९५ मध्ये मंजुरी मिळाली. नगरहून आष्टीपर्यंत पहिली गाडी धावली ती सप्टेंबर २०२२ मध्ये. आष्टी तालुक्यातील मुलगा बर्मिंगहॅमला रौप्यपदक घेऊन मोकळा झाला होता त्यानंतर सुमारे दीड महिन्याने. जिल्ह्याच्या ठिकाणी, म्हणजे बीड शहरात, रेल्वे पोहोचण्यास सप्टेंबर २०२५ उजाडावे लागले. या गतीने क्रीडासुविधा यावयाच्या असतील तर आज पहिलीत असलेल्या मुलाच्या नातवाने सरावास सुरुवात करावी.

म्हणून मागणी मोठ्या स्टेडियमची नाही. स्टेडियमच्या कोनशिला राज्यात पुष्कळ आहेत. त्यांवर गवत वाढविण्यात अर्थ नाही. करावयाचे ते अगदी साधे आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१ मध्ये शासनाने संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृहांची योजना मंजूर केली; एकेचाळीस तालुक्यांत मुलांचे एक व मुलींचे एक याप्रमाणे ब्याऐंशी वसतिगृहे, प्रत्येकी शंभर मुलांची सोय. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या टनामागे कारखान्याकडून रक्कम घेण्याचे तत्त्वही ठरले. म्हणजे मूल गावी राहावे यासाठीचा निर्णय झालेला आहे, पैशाचा स्रोतही कागदावर आहे. त्या प्रत्येक वसतिगृहास एक मैदान, एक पूर्णवेळ क्रीडाशिक्षक आणि धावणाऱ्या मुलास पुरेल असा आहार, एवढे जोडावे. शिक्षणहक्क कायद्याने शंभराहून अधिक पटाच्या उच्च प्राथमिक शाळेस आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक देणे बंधनकारक केले आहे; या तुटपुंज्या मानधनाच्या, आज आहे तर उद्या नाही अशा नेमणुकांतून धावपटू घडणार नाहीत. ज्या गावात बारमाही शिक्षक नाही तेथे गुणवत्ता हेरणार कोण?

तायक्वांदोसह सर्व खेळांच्या संघटनांनी निकाल जाहीर करताना प्रत्येक गटातील स्पर्धकसंख्या, स्पर्धेची अधिकृत श्रेणी आणि पालकाकडून घेतलेले शुल्क जाहीर करावे, अशी अट जिल्हा क्रीडा कार्यालयाने घालण्यास हरकत नाही. खऱ्या विजेत्यास त्याचा फायदाच होईल. ज्या मुलीने बारा जणींना हरवून पदक आणले, तिचे पदक चौघींतल्या पदकापेक्षा वेगळे आहे, हे लोकांना कळेल. वृत्तपत्रांनीही तेवढे आकडे मागून घ्यावेत. एका चौकटीत मावतात.

आणि वेळापत्रक. तालुका व जिल्हा पातळीवरील स्पर्धांच्या तारखा ठरविण्यात जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाचा हात असतो, आणि जिल्हा क्रीडा परिषदेचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे असते. गाड्या भरून निघण्यापूर्वी या दोन्ही पातळ्या पूर्ण कराव्यात. विभागासाठी निवडले गेलेले मूल स्थलांतरित कुटुंबातील असेल तर त्याचे नाव लगेच वसतिगृहाच्या यादीत घ्यावे. आणि कुटुंब आधीच निघून गेले असेल तर स्पर्धेच्या चार दिवसांसाठी त्यास फडावरून आणून परत पोहोचविण्याचा एस.टी.चा खर्च क्रीडानिधीतून करावा. आणणाऱ्या शिक्षकाला रजा द्यावी, आणि त्या चार दिवसांचा ‘खाडा’ मुलाच्या आईबापांच्या हिशेबात धरू नये, असे कारखान्यांस लेखी कळवावे. पुढचा गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी एवढे करण्यास कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. आष्टी, पाटोदा आणि शिरूर कासार या तीन तालुक्यांपासून आरंभ करता येईल.